शब्द इंग्रजी, भाषा नव्हे

‘सोसायटीचा मेंटेनन्स कोणी भरला, कोणी थकवला हे दाखवणारं ॲप बनव,’ असं एआयला साध्या मराठीत टाइप करून सांगितलं की आज काही मिनिटांत चालणारं काहीतरी हातात पडतं. फेब्रुवारी २०२५मध्ये एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी या पद्धतीला ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव दिलं. नाव नवं असलं तरी यंत्राला आपल्या भाषेत काम सांगण्याची हौस सत्तर वर्षांची आहे.

ती सुरू झाली विमा आणि पगारपत्रकांच्या कारकुनीतून. ग्रेस हॉपर गणितात पीएच.डी. केलेल्या होत्या, अमेरिकी नौदलात होत्या आणि फिलाडेल्फियात युनिव्हॅक संगणकावर काम करत होत्या. यंत्र विकत घेणाऱ्या कचेऱ्यांतल्या माणसांना चिन्हं बघूनच धडकी भरते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग सूचना इंग्रजी शब्दांतच का लिहू नयेत? वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं होतं : संगणकाला इंग्रजी कळत नाही. १९५५च्या सुमारास हॉपरबाईंनी एक छोटा प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांत चालवून दाखवला आणि पाठोपाठ तोच फ्रेंच आणि जर्मन शब्दांत. साहेब मंडळी हादरली. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकी यंत्राला फ्रेंच-जर्मन कळेलच कसं?

मला या सगळ्या इतिहासातला हा प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. यंत्राला इंग्रजीही येत नव्हतं, म्हणून तर शब्द इतक्या सहज बदलता आले. प्रत्येक शब्द म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. ‘साखर’ लिहा नाहीतर ‘शुगर’, डब्याला फरक पडत नाही.

हॉपर यांची ‘फ्लो-मॅटिक’ ही इंग्रजी शब्दांची प्रोग्रॅमिंग भाषा यातूनच आली. पुढे मे १९५९मध्ये पेंटॅगॉनमध्ये उत्पादक, ग्राहक आणि सरकारी अधिकारी जमले. तिथून जी चक्रं फिरली त्यातून कोबोल ही कचेरीच्या कामांसाठीची भाषा जन्मली. डिसेंबर १९६०मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम युनिव्हॅकवर आणि आरसीए या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालवून दाखवण्यात आला. ‘मल्टिप्लाय आवर्स बाय रेट गिव्हिंग पे’ : तास गुणिले दर, आला पगार. हे कोणालाही वाचता येईल, अगदी मॅनेजरलाही, अशी आशा होती.

वाचता येत होतं. लिहिणं मात्र तेवढं सोपं नव्हतं. कोबोलमध्ये वाक्य पूर्णविरामाने संपतं. ‘इफ’ने सुरू झालेल्या अटीनंतर तो ठिपका द्यायचा राहून गेला, तर पुढच्या ओळीही त्याच अटीत ओढल्या जात. म्हणजे ओव्हरटाइम करणाऱ्यांसाठीचा हिशेब संपवायला विसरलात, तर त्याखालची सगळ्यांसाठीची कपातही फक्त ओव्हरटाइमवाल्यांनाच लागणार. यंत्र तक्रार करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. अट बंद करणारा ‘एंड-इफ’ १९८५च्या प्रमाणित आवृत्तीत आला.

१९७४मध्ये आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी मांडलेल्या ‘सीक्वेल’ या भाषेचीही तीच गत झाली. प्रोग्रॅमर नसलेल्यांना डेटाबेसला प्रश्न विचारता यावेत म्हणून ती केली, आणि एसक्यूएल या नावाने ती व्यावसायिकांच्याच पोटापाण्याची झाली. सामान्य हिशेबनीसाला खरी ताकद दिली ती १९७९च्या व्हिसिकॅल्कने, म्हणजे एक्सेलच्या पूर्वजाने. त्यात भाषा नव्हतीच, नुसते चौकोन. असो.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांना हा सगळा खटाटोपच मूर्खपणाचा वाटे, आणि १९७८मध्ये त्यांनी तसं लिहून ठेवलं. गणित पुढे गेलं ते शब्दांच्या जंजाळातून सुटून चिन्हांकडे वळल्यामुळे, आता उलटं का फिरायचं? मुद्दा बिनतोड आहे. लीलावतीत हंस-भुंग्यांची गोड गणितं घालणाऱ्या भास्कराचार्यांनीही बीजगणितात अव्यक्तांसाठी, म्हणजे अज्ञात संख्यांसाठी ‘या’, ‘का’, ‘नी’ ही अक्षरंच वापरली होती.

२०२१मध्ये कोडेक्स आणि कोपायलट ही कोड लिहून देणारी एआय साधनं आली तेव्हा चिठ्ठ्यांचा खेळ संपला. ही मॉडेलं अफाट मजकूर आणि कोड यांवर शिकलेली; ‘थकवला’ आणि ‘बाकी आहे’ यांतलं नातं त्यांना जुळवता येतं, मराठीतही. पण जुना कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा दुभाषा, अनोळखी शब्द दिसला की अडून बसायचा. हे मॉडेल अडत नाही, अंदाज बांधतं.

‘१० तारखेपर्यंत पैसे न भरणाऱ्यांना दंड लाव,’ असं सेक्रेटरीने सांगितलं. दहा तारीख धरून की सोडून? अर्धे पैसे भरले असतील तर? चेक नऊला दिला आणि वटला बाराला, तर? मॉडेल यातलं काहीही न विचारता एक अर्थ पकडून कोड लिहून मोकळं होऊ शकतं. सेक्रेटरी कोड उघडून बघत नाही. नेमका कुठला अर्थ धरला गेला ते पहिल्यांदा कळतं दहा तारखेला रात्री साडेअकराला पैसे पाठवणाऱ्या सभासदाला.