तुमच्या वंशावळीत एकच नाव दोनदा का येते?

आम्ही छापलेला वंशावळीचा तक्ता घरी नेल्यावर पुष्कळ ग्राहक विचारतात, ‘हेच खापरपणजोबा वडिलांकडे आहेत आणि आईकडेही. छपाईत चूक झाली का?’ चूक नाही. त्यामागचा हिशेब समजून घ्या.

आईवडील २, आजी-आजोबा ४, पणजोबा-पणज्या ८. असे दुप्पट करत गेलात की दहाव्या पिढीत १,०२४ जागा होतात, विसाव्या पिढीत १०,४८,५७६ आणि तिसाव्या पिढीत १०७ कोटींच्या वर. तीस पिढ्या मागे म्हणजे साधारण देवगिरीच्या यादवांचा काळ. तेव्हा साऱ्या जगातही एवढी माणसे नव्हती. म्हणून तीच माणसे अनेक जागी येतात.

आपल्याकडे हे फार जवळच्या पिढीतही घडते. मामाच्या मुलीशी लग्न झाले, तर नवऱ्याची आई आणि बायकोचे वडील सख्खी भावंडे. त्यांच्या आईवडिलांची जोडी या जोडप्याच्या मुलाला दोन्हीकडून पणजोबा-पणजी लागते. त्यामुळे त्याला ८ ऐवजी ६ च पणजोबा-पणज्या. त्याच्या एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) या सामाईक जोडीतल्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असण्याची शक्यता १६ त १ असते.

येल विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ जोसेफ चँग यांनी १९९९ मध्ये हा प्रश्न गणिताने मांडला. समजा, लोकसंख्या कायम १० लाख आहे आणि प्रत्येक मुलाचे आईवडील आधीच्या पिढीतून चिठ्ठ्या टाकून ठरतात. तर जेमतेम २० पिढ्या मागे सगळ्यांचा एक समान पूर्वज सापडतो. सुमारे ३५ पिढ्या मागे गेलात, तर त्या वेळचा प्रत्येक माणूस एक तर आजच्या सर्वांचा पूर्वज असतो, नाही तर त्याचा वंशच उरलेला नसतो. खरी लग्ने अर्थातच चिठ्ठ्या टाकून होत नाहीत. जात, पोटजात, गाव पाहून होतात. त्यामुळे एका समाजात नावे लवकर जुळतात आणि दोन समाजांमध्ये उशिरा. म्हणून हे आकडे आम्ही तुमच्या तक्त्यावर छापत नाही. तिथे फक्त सापडलेली नाती असतात.

आता आमची कळकळीची विनंती. जुन्या वंशावळींत बहुधा बाप-मुलगा एवढीच ओळ असते. दहाव्या पिढीच्या १,०२४ जागांपैकी ती एकच जागा. बाकी सगळ्या जागांची वाट कुठे ना कुठे एखाद्या बाईच्या माहेरातून जाते आणि सामाईक पूर्वज बहुतेक तिथेच सापडतात. म्हणून येताना आजीचे, पणजीचे माहेरचे आडनाव, गाव आणि कुलदैवत विचारून या. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला आधी विचारा. वारसनोंदीचे जुने फेरफार, छापील कुलवृत्तांत, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीतला (यात्रेकरू घराण्यांच्या नोंदवहीतला) उतारा यांपैकी जे हाती असेल ते आणा.

तक्त्यात प्रत्येक व्यक्तीला एकच क्रमांक असतो. नाव दुसऱ्यांदा आले की तोच क्रमांक लाल चौकटीत छापतो. त्या व्यक्तीच्या वरच्या पिढ्या पहिल्या जागीच पाहाव्यात.