दुसरा वूफर जोडण्यापूर्वी ओहमचा हिशेब

आमच्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या, गाडीत गाण्यांचा आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरपैकी (अ‍ॅम्पपैकी) बरेचसे मुळात बिघडलेले नसतातच. चतुर्थीपूर्वीच्या पंधरवड्यात तर रोज कोणीतरी अ‍ॅम्प पिशवीत घालून आणतो आणि सांगतो, ‘‘दहा मिनिटं वाजतो, मग लाल दिवा लागून गप्प होतो.’’ तोच अ‍ॅम्प आमच्या टेबलावर चार ओहमच्या (ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे माप) स्पीकरवर तासभर बिनतक्रार वाजतो. त्यामुळे आमचा पहिला प्रश्न ठरलेला आहे : डिकीत अलीकडे दुसरा वूफर, म्हणजे खर्जाच्या आवाजाचा मोठा स्पीकर, बसवला का?

घोटाळा इथेच होतो. चार ओहमचे दोन वूफर प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असे (म्हणजे पॅरलल) जोडले, की अ‍ॅम्पवर चारऐवजी दोन ओहमचा भार येतो आणि त्याला दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो. त्यातून अ‍ॅम्प ब्रिज केलेला, म्हणजे त्याचे दोन चॅनेल एकत्र करून एकच भार चालवत असेल, तर प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला या भाराचा निम्माच आकडा, म्हणजे अवघा एक ओहम येतो. दोन चॅनेलच्या बहुतेक अ‍ॅम्पना तो झेपत नाही. ते तापतात आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतात. माहितीपुस्तिकेत ‘किमान दोन ओहम’ लिहिलेले ग्राहक आम्हांला बोट ठेवून दाखवतात, मात्र त्याखालची ‘ब्रिजसाठी किमान चार ओहम’ ही ओळ सहसा वाचलेली नसते.

वूफर दोन कॉइलचे (तारेच्या वेटोळ्यांचे), चार अधिक चार ओहमचे असतील, तर मार्ग सोपा आहे. प्रत्येक वूफरच्या दोन्ही कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडल्या की आठ ओहम होतात, आणि असे दोन वूफर पॅरलल जोडले की अ‍ॅम्पला पुन्हा चार ओहमच मिळतात. दुसरा वूफर घेणाऱ्यांना आम्ही याच प्रकारचा सुचवतो, तो थोडा महाग असला तरी. एका कॉइलचे, चार ओहमचे दोन वूफर आधीच घेतले असतील, तर ते सिरीजमध्ये जोडावेत. आठ ओहमवर वॅट साधारण निम्मे होतात हे खरे, परंतु निम्मे वॅट म्हणजे तीन डेसिबलचाच फरक, आणि दुसऱ्या वूफरमुळे त्याची बरीच भरपाई होते.

मीटर लावल्यावर चार ओहमचा वूफर साडेतीनच्या आसपास दाखवतो, म्हणून तो नकली ठरत नाही. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो, तर छापलेला आकडा गाणे वाजतानाच्या इंपीडन्सचा (प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचा) असतो. अ‍ॅम्प बंद पडतो म्हणून फ्यूज मात्र मोठ्या आकड्याचा कधीही घालू नये.

गाडी पाहिल्याशिवाय आम्ही अ‍ॅम्प उघडत नाही, याचा काहींना राग येतो. परंतु पेडण्याहून अ‍ॅम्प घेऊन दोनदा खेप घातलेल्या एका ग्राहकाचा दोष अखेर डिकीतल्या एका जोडावर सापडला. खाऱ्या हवेने तांबे हिरवे पडले होते आणि त्याची सुटलेली तार पत्र्याला टेकत होती. वूफरसह गाडी आणल्यास जोडणीची तपासणी आम्ही समोरच करून दाखवतो, आणि वूफर आमच्याकडून घेतलेला असल्यास तिचे पैसे घेत नाही.