शंकू वादळाचा आकार सांगत नाही

सप्टेंबर २०२२ मध्ये 'इयान' हे हरिकेन फ्लोरिडाकडे सरकत होतं, तेव्हा अंदाजाच्या नकाशावरची मधली रेघ काही दिवस टाम्पाच्या आसपास जात होती. वादळाचं केंद्र कुठून कुठून जाऊ शकेल हे दाखवायला त्या रेघेभोवती एक शंकू काढलेला असतो. दक्षिणेकडची ली काउंटी (जिल्हा) त्या शंकूच्या कडेला होती. तिथे घरं सोडण्याचा आदेश निघाला २७ तारखेला, आणि २८ ला ताशी सुमारे २४० किमी वेगाच्या वाऱ्यांसह इयान ली काउंटीतच धडकलं. कित्येक माणसं समुद्राच्या पाण्यात बुडून गेली.

हा शंकू काढतात कसा? मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर आपलेच मागच्या पाच वर्षांचे अंदाज तपासतं. वादळाचं केंद्र प्रत्यक्षात अंदाजापासून किती दूर गेलं, हे मोजतं. तीनपैकी दोन अंदाज जेवढ्या अंतरात बसले, तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. २०२२ साली अटलांटिकसाठी २४ तासांनंतरचं वर्तुळ सुमारे ७२ किमी त्रिज्येचं होतं, पाच दिवसांनंतरचं सुमारे ३७० किमीचं. ही वर्तुळं कडेकडेने जोडली की झाला शंकू.

म्हणजे त्या हंगामात अटलांटिकमधलं वादळ अवाढव्य असो की आटोपशीर, वर्तुळं तीच! पुढे शंकू रुंदावतो तो अंदाज कच्चा होत जातो म्हणून. बघणाऱ्याला मात्र वादळच फुगतंय असं वाटतं. शिवाय तीनातून एकदा केंद्र शंकूबाहेर जाणार, हे त्यात गृहीतच आहे. वारा, पाऊस, वादळामुळे किनाऱ्यावर चढणारं समुद्राचं पाणी यांबद्दल शंकू काहीच सांगत नाही.

आपला हवामान विभागही असा शंकू काढतो. मे २०२१ मध्ये 'तौक्ते'चं केंद्र महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागलं नाही. समुद्रातूनच वर सरकत ते गुजरातेत शिरलं. तरी कुलाब्याला ताशी ११४ किमीचा वारा नोंदवला गेला आणि मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा बार्ज बुडाला.

अमेरिकेच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याने मायामीच्या त्याच हरिकेन सेंटरचा पुराच्या पाण्याचा नकाशा आधी बघावा, असं मला ठामपणे वाटतं. वादळाचं पाणी जमिनीपासून किती चढू शकतं, ते त्यात रंगांनी दाखवतात: निळा म्हणजे १ फुटाहून जास्त, पिवळा ३, नारिंगी ६, लाल ९. लाल पट्ट्यात बैठ्या घराचा तळमजला छतापर्यंत बुडू शकतो, मग वादळाच्या केंद्राची रेघ कुठूनही जावो.