ऑफिसचे मेल फोनवर येईनासे झाले तर

आमच्या मेल-सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी परिसर

फोनवर मेल यायचे थांबले की बहुतेक जण आधी फोनमधलं अकाउंट काढून टाकतात आणि नव्यानं घालतात. कृपया हा उपाय शेवटी करा. अकाउंट काढलं की आउटबॉक्समध्ये अडकलेले, अजून न गेलेले मेलही त्याच्याबरोबर जातात. अकाउंट एक्सचेंज पद्धतीचं (मेलबरोबर कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडरही जुळवणारी मायक्रोसॉफ्टची पद्धत) असेल तर त्यातले कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडरही फोनवरून पुसले जातात. अकाउंट पुन्हा घातल्यावर सर्व्हरवर असलेलं सगळं परत येतं. पण मेल बंद असलेल्या दोन-चार दिवसांत तुम्ही त्या अकाउंटमध्ये जे नवे नंबर भरले, ते सर्व्हरपर्यंत पोहोचलेलेच नसतात. ते कायमचे जातात. आणि बिघाड पासवर्डचा किंवा सर्व्हरचा असेल तर इतकं करूनही मेल येत नाहीत ते नाहीतच.

आधी वेबमेल उघडा

फोनचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटा चालू ठेवा आणि क्रोम किंवा सफारीत तुमचं वेबमेल उघडून लॉगिन करा. पासवर्ड हातानं टाईप करा, ब्राउझरनं जपून ठेवलेला वापरू नका. दोन मिनिटांच्या या कामातून निम्मं निदान होतं.

नवे मेल वेबमेलमध्ये दिसतात, पण फोनच्या ॲपमध्ये नाहीत: सर्व्हर आणि तुम्ही टाईप केलेला पासवर्ड दोन्ही ठीक आहेत, अडचण फोनमध्ये आहे. फोनमध्ये जुना पासवर्ड राहिला असेल तर पुढचा भाग वाचा.
वेबमेल उघडतं, पण तिथंही ते मेल नाहीत: फोनचा दोष नाही. मेल आलेलाच नाही, किंवा दुसऱ्या कुठल्या तरी कॉम्प्युटरनं तो उचलून नेला आहे.
पासवर्ड चुकीचा म्हणून परत पाठवतं: पुढचा भाग वाचा.
पानच उघडत नाही: दुसरी एखादी वेबसाइट उघडून पाहा. ती उघडत असेल तर आम्हाला लगेच कळवा.

पासवर्ड बदलला, फोनला सांगायचं राहिलं

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त असते, आणि एकाच्या चुकीनं अख्खं ऑफिस अडतं म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कॉम्प्युटरवर नवा पासवर्ड घातला, पण खिशातल्या फोनमध्ये जुनाच राहिला. फोन गप्प बसत नाही, दर थोड्या वेळानं जुन्याच पासवर्डनं दार ठोठावत राहतो. कोणीतरी पासवर्डचा अंदाज घेत आहे असं सर्व्हरला वाटतं आणि तो त्या आयपी पत्त्यावरून (नेटवर जोडणीची ओळख सांगणारा आकडा) येणारी जोडणी काही वेळ बंद करतो. सर्व्हरवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या फेल-टू-बॅन या संरक्षक प्रोग्रामची मूळ मांडणी अशी आहे: १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी. बंदी उठली की तोच फोन पुन्हा जुना पासवर्ड घेऊन येतो आणि पुन्हा बंदी लागते.

ऑफिसच्या वायफायवरचे सगळे फोन आणि कॉम्प्युटर बाहेर मात्र एकाच आयपी पत्त्यानं दिसतात. म्हणून एका फोनपायी सगळ्यांचे मेल बंद होतात. सकाळी सगळं सुरळीत चालतं, एक माणूस दहा वाजता आत येतो आणि मेल थांबतात. तो जेवायला गेला की चालू होतात. असा प्रकार दिसला की राउटरला हात लावू नका, त्या माणसाचा फोन तपासा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, बंदी उठू द्या, मग नवा पासवर्ड घाला. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचा पासवर्ड बऱ्याच ॲपमध्ये वेगवेगळा साठवलेला असतो. आयफोनवर एसएमटीपीच्या (जाणाऱ्या मेलच्या) पानावर जाऊन तो वेगळा बदलावा लागतो. मेल येतात पण जात नाहीत, याचं कारण बहुधा हेच असतं.

पासवर्ड बदलायचा असेल तर आधी ते अकाउंट कुठं कुठं चालू आहे याची यादी करा: मालकांचा फोन, घरचा टॅब, अकाउंटंटचा कॉम्प्युटर, आणि मेलवर स्कॅन पाठवणारा प्रिंटर. प्रिंटर हमखास विसरला जातो.

कीबोर्ड मराठीवर असेल तर पासवर्डमधले आकडे देवनागरीत पडू शकतात. ठिपक्यांआड ते दिसत नाहीत आणि सर्व्हर पासवर्ड नाकारतो. डोळ्याच्या चिन्हावर दाबून एकदा खात्री करा.

ज्यांचे मेल गुगल किंवा मायक्रोसॉफ्टवर आहेत त्यांच्यासाठी: मायक्रोसॉफ्टनं एक्सचेंज ऑनलाइनवर (ऑफिसांसाठीची त्यांची मेल-सेवा) नुसत्या नाव-पासवर्डनं मेल वाचायची जुनी पद्धत ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतली. त्यामुळे जुन्या फोनमधलं मेल ॲप बरोबर पासवर्ड देऊनही नाकारलं जातं. तिथं आउटलूक ॲप घ्या किंवा लॉगिनचं पान स्वतः उघडणारं नवं ॲप वापरा. जीमेलला दुसऱ्या ॲपमधून साध्या पासवर्डनं जोडायचं असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो. गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की हा ॲप पासवर्डही रद्द होतो, तो नव्यानं काढा.

सेटिंग

येणारे मेल: आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत), पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस.
जाणारे मेल: पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस, किंवा पोर्ट ४६५ आणि एसएसएल/टीएलएस.
युजरनेम: पूर्ण मेल पत्ता, ॲट चिन्हाच्या पुढच्या भागासकट.
जाणाऱ्या मेलसाठीही लॉगिन चालू हवं.

फोनमध्ये हे आकडे इंग्रजी अंकांतच टाईप करा. ५८७ आणि ४६५ ची अदलाबदल करू नका. ४६५ वर पहिल्या क्षणापासून बोलणं कुलूपबंद असतं. ५८७ वर आधी उघडं बोलणं होतं आणि मग कुलूप लागतं. जोडी चुकली की जोडणी होत नाही. ४६५ वर स्टार्टटीएलएस लावलं तर दोघंही एकमेकांची वाट पाहत राहतात आणि मिनिटाभरानं ‘टाइम्ड आउट’ येतं. जुन्या फोनमध्ये पोर्ट २५ घातलेला असेल तर तो काढा. स्पॅम रोखण्यासाठी बऱ्याच नेट कंपन्या तो बंद ठेवतात.

ऑफिसात चालतं, बाहेर पडलं की बंद

उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या ज्या कारखान्यांचा मेल सर्व्हर त्यांच्याच केबिनमध्ये आहे, तिथं फोनमध्ये सर्व्हरच्या नावाऐवजी १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा घातलेला आढळतो. हा पत्ता फक्त त्या इमारतीच्या आतला. गेटबाहेर त्याला अर्थ नाही. तिथं सर्व्हरचं पूर्ण नाव घाला. नाव घातल्यावर उलट अडचण आली, म्हणजे बाहेर चालतं आणि आतल्या वायफायवर नाही, तर ते राउटरचं काम आहे. ते आमच्याकडून करून घ्या.

नाव घालण्याचं दुसरंही कारण आहे. सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र नावावर असतं, आकड्यावर नाही. आकडा घातला की फोन इशारा देतो आणि लोक कंटाळून ‘सगळी प्रमाणपत्रं स्वीकारा’ हा पर्याय निवडतात. तो निवडू नका. त्यानंतर हॉटेलच्या किंवा लॉजच्या उघड्या वायफायवर कोणी मध्ये बसून तुमचा पासवर्ड वाचला, तरी फोन तुम्हाला काही सांगणार नाही.

प्रमाणपत्राचा इशारा अचानक येऊ लागला तर आधी फोनची तारीख पाहा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही फोनची तारीख मागे जाते आणि चालू प्रमाणपत्र फोनला अजून लागू न झालेलं वाटतं. तारीख बरोबर असेल आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचं असेल, तर लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर त्या फोनचा विश्वासच बसत नाही. जुन्या फोनसाठी केलेली तात्पुरती सोय ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. अशा फोनवर ब्राउझरमधून वेबमेल पाहायचं असेल आणि त्यावर फायरफॉक्स चालत असेल तर तो वापरा, कारण तो विश्वासू प्रमाणपत्र-संस्थांची स्वतःची यादी घेऊन येतो.

सीमेवरचं नेटवर्क

टेलिकॉमच्या हिशेबात कर्नाटक हे एक सर्कल आहे आणि महाराष्ट्र-गोवा हे दुसरं. निपाणी सोडून कोल्हापूरकडे, बेळगावहून चंदगडकडे किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात की फोन दुसऱ्या सर्कलमध्ये जातो. फोनमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर काही फोनमध्ये कॉल चालतात, डेटा मात्र थांबतो, आणि मेल परत हद्दीत आल्यावर एकदम येतात. रोज ये-जा करणाऱ्यांनी हे बटण चालू ठेवावं. आपल्या प्लॅनमध्ये देशांतर्गत रोमिंगवर डेटा आहे ना, हेही पाहून घ्यावं.

सीमेलगतच्या गावांत फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा. नेटवर्क बदललं की सर्व्हरशी उघडी असलेली जोडणी तुटू शकते, आणि काही ॲपना ती तुटल्याचं लवकर कळत नाही. वर नेटच्या काड्या पूर्ण दिसतात, मेल मात्र येत नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि घाटात रेंज गेल्यानंतरही असंच होतं. १० सेकंद एअरप्लेन मोड चालू करून बंद करा, तेवढं पुरतं.

ॲप उघडल्यावरच मेल येतात

म्हणजे फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲपला झोपवतो आहे. रेडमी, पोको, विवो, ओपो, रिअलमी या फोनमध्ये हे फार दिसतं. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन बॅटरीला ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ किंवा ‘अनरिस्ट्रिक्टेड’ द्या आणि ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा. डेटा सेव्हर असेल तर त्यातून ॲपला सूट द्या. अकाउंट्सच्या पानावरचं ‘ऑटोमॅटिकली सिंक’ हे बटणही पाहा, बॅटरी वाचवताना कोणी तरी ते बंद केलेलं असतं. फोनची भाषा कन्नड असेल आणि वाचायला अडचण येत असेल तर मेनूचा क्रम आणि चिन्हं तीच असतात, त्यावरून शोधता येतं.

आयफोनवर प्रकार वेगळा आहे. फोनमधल्या मूळ मेल ॲपला साध्या आयमॅप सर्व्हरवरून मेल आल्याबरोबर कळत नाही. ठरावीक वेळानं ते स्वतः जाऊन पाहतं. ‘फेच न्यू डेटा’ मध्ये १५ मिनिटं, ३० मिनिटं, तास असे पर्याय आहेत. ‘ऑटोमॅटिकली’ ठेवलंत तर मागच्या बाजूनं मेल आणणं फक्त चार्जिंग आणि वायफाय दोन्ही असतानाच होतं. दिवसभर बाहेर फिरणाऱ्यांसाठी ते कामाचं नाही. १५ मिनिटं ठेवा. लो पॉवर मोडमध्ये हे सगळं थांबतं.

मेल वेबमेलमध्येही नाही

ऑफिसच्या एखाद्या कॉम्प्युटरवर आउटलूक पॉप पद्धतीनं जोडलेलं असेल तर ते मेल सर्व्हरवरून खाली उतरवतं आणि नंतर तिथून पुसतं. नव्या आउटलूक आवृत्त्यांत १४ दिवसांनी पुसण्याची मूळ मांडणी असते, जुन्यांत कधी ताबडतोब. फोनवर इनबॉक्स रिकामा दिसतो, पण मेल हरवलेला नसतो, तो त्या एका कॉम्प्युटरवर असतो. तो कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी आम्हाला दाखवा, नाहीतर पत्रव्यवहाराची एकमेव प्रत जाईल. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे मेल हवे असतील तर सगळीकडे आयमॅपच ठेवा.

फक्त जुने मेल दिसत नसतील तर घाबरू नका. फोन ठरावीक दिवसांचेच मेल ठेवतो. जीमेल ॲपमध्ये हा आकडा बहुधा ३० दिवसांचा असतो. अकाउंटच्या सेटिंगमध्ये तो वाढवा.

एकच मेल पत्ता पाच-सहा जण वापरत असतील तर अधूनमधून कोणाचा तरी फोन बाहेर फेकला जातो. आमच्यासारख्यांकडे असणाऱ्या डव्हकॉट सर्व्हरची मूळ मर्यादा एका युजरला एका आयपीवरून १० जोडण्या अशी आहे, आणि एकटं आउटलूकच तीन-चार जोडण्या उघडतं. मर्यादा वाढवून देता येते, पण प्रत्येकाला वेगळा पत्ता आणि एक सामायिक ग्रुप पत्ता हीच मांडणी बरी. माणूस काम सोडून गेला की त्याचा पत्ता बंद करता येतो, सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागत नाही.

आउटबॉक्स अडकला

जोडलेली फाईल मेलमधून जाताना सुमारे एक तृतीयांशानं फुगते. २० एमबीचं ड्रॉइंग वाटेत २७ एमबीच्या आसपास होतं आणि २५ एमबीची मर्यादा ओलांडतं. फाउंड्री आणि मशीनशॉपची ड्रॉइंग इथंच अडतात. काही ॲपमध्ये तो एक मेल पुढे जात नाही आणि मागच्या सगळ्यांना अडवून ठेवतो. आधी एअरप्लेन मोड लावा, आउटबॉक्समधला तो मेल ड्राफ्टमध्ये हलवा किंवा पुसा, मग नेट चालू करा. नेट चालू असताना फोन तो मेल पाठवण्यात गुंतलेला असतो आणि पुसू देत नाही. मोठी फाईल ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवा.

आम्हाला कळवताना

पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, शक्यतो स्क्रीनशॉटसकट पाठवा. ‘मेल येत नाही’ एवढ्यावरून काही कळत नाही, पण ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणजे पासवर्ड, ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पोर्ट किंवा नेटवर्क, हे आम्हाला पाहताच समजतं. सोबत मेल पत्ता, फोनचं मॉडेल, ॲपचं नाव, वायफाय होतं की मोबाईल डेटा, तुम्ही कुठल्या गावात होतात आणि घड्याळातली वेळ लिहा. वेळ मिनिटापर्यंत असेल तर सर्व्हरच्या नोंदीत तुमच्या फोनची ओळ लगेच सापडते. पासवर्ड मात्र पाठवू नका. आमच्याकडून कोणीही तो फोनवर, मेसेजमध्ये किंवा मेलवर मागत नाही.