अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळायचंय? मुलींसाठी पात्रता आणि कागदपत्रं

अमेरिकेत विद्यापीठांचे संघ आपसांत खेळणाऱ्या गटांत विभागलेले असतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. कॉन्फरन्स चॅम्पियनशिपसाठी खेळाडूने स्वतः अर्ज करायचा नसतो. विद्यापीठ ज्या कॉन्फरन्सचं सदस्य, तिच्या स्पर्धेत त्याचा संघ उतरतो. काही ठिकाणी सगळे संघ खेळतात, आयव्ही लीग या कॉन्फरन्समध्ये मात्र गुणतक्त्यातले पहिले चारच. जिंकणाऱ्या संघाला एनसीएएच्या (कॉलेज खेळांचं नियमन करणारी अमेरिकी संघटना) राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाकडून आणि हरसिमरन कौर सॅन दिएगो विद्यापीठाकडून या कॉलेज बास्केटबॉलमध्ये खेळल्या आहेत.

खेळाडूच्या हातात असते ती एनसीएएची पात्रता तपासणी. घरचे बारावीनंतर जागे होतात, पण हिशेब नववीपासूनचा लागतो.

डिव्हिजन वनसाठी, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटासाठी, नववी ते बारावीच्या चार वर्षांत १६ मुख्य विषय हवेत. प्रत्येक विषयाचं एक वर्ष म्हणजे एक. इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं २, उरलेले ५ याच किंवा अन्य मान्य विषयांतले. अकरावीला गणित सोडायचा विचार असेल तर आधी हा हिशेब मांडा. नववी-दहावी मिळून दोनच वर्षं भरतात. या विषयांतल्या गुणांची सरासरी (जीपीए) ४ पैकी किमान २.३ लागते. २०२३ पासून एनसीएएला सॅट या प्रवेश परीक्षेचे गुण नकोत, विद्यापीठ प्रवेशासाठी मागू शकतं.

नोंदणी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या संकेतस्थळावर होते. सोबत नववीपासूनची वर्षवार गुणपत्रकं, बोर्डाची गुणपत्रकं आणि उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. खरी अडचण नववीच्या प्रगतिपुस्तकाची. दहावीचा निकाल लागला की ते रद्दीत जातं! शाळेतून शिक्क्याची प्रत आत्ताच काढून ठेवा. मराठीत असेल तर मूळ प्रतीसोबत प्रमाणित, शब्दशः इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं, त्यामुळे पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहा.

हौशी खेळाडू असल्याची प्रश्नावलीही भरायची असते. व्यावसायिक संघाशी करार, मानधन, एजंट, सगळं खरं सांगा. अंतिम निर्णय मात्र एखाद्या विद्यापीठाने तुमचं नाव आपल्या यादीत घातल्यावरच होतो. म्हणून प्रशिक्षकांना सामन्यांचे व्हिडिओ पाठवणं हे खरं पहिलं काम; नुसती नोंदणी करून काही हलत नाही. शिष्यवृत्तीचा प्रस्ताव लेखी घ्या. खेळाडू आणि विद्यापीठ यांच्यातलं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हे करारपत्र २०२४ मध्ये बंद झालं, त्या नावाने कोणी पैसे मागितले तर सावध व्हा.

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठ आय-२० हा विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा फॉर्म पाठवतं. मग सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी यंत्रणा) शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाची मुलाखत. मुंबईत ती बीकेसीतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात. अमेरिकेत पोहोचल्यावर दर सत्रात किमान १२ क्रेडिट (अभ्यासक्रमांचे श्रेयांक) घ्यावेच लागतात, कमी पडले तर खेळ आणि व्हिसा दोन्ही अडचणीत येतात. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा आहे, पण एफ-१ वर कामाची बंधनं असल्यामुळे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय कुठेही सही करू नका.