सत्त्व आम्ही प्यायलो, चोथा कोंबड्यांनी खाल्ला

राजापूरला आजीकडे एप्रिलमध्ये एक दिवस नाचणीच्या सत्त्वाचा असायचा. नाचणी तीन दिवस भिजलेली, रोज पाणी बदललेलं, तरी घरभर आंबूस वास. आजी ती रगड्यात वाटायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळून गाळायची आणि टोपातलं मातकट पाणी झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी मऊ, पांढुरका थर. तो ताटात पसरून उन्हात खडखडीत वाळवला की झालं सत्त्व. फडक्यात उरलेला तपकिरी चोथा जायचा परसात, कोंबड्यांना.

पुढे आहारशास्त्राचं वाचायला लागले तेव्हा त्या कोंबड्या आठवल्या. नाचणीचं जे कॅल्शियम एवढं गाजतं, त्यातला मोठा वाटा त्या चोथ्यात होता. अंड्याचं कवच म्हणजे कॅल्शियमचंच काम. आमच्या घरात नाचणीचा खरा उपयोग करून घेतला तो कोंबड्यांनीच, असं मी गमतीने म्हणते. पण त्या गमतीत या धान्याचं अर्धं विज्ञान आहे.

नाचणीचा एक दाणा तळहातावर घेऊन बघा. मोहरीएवढा, जेमतेम दीड मिलिमीटरचा, विटकरी रंगाचा. किलोभर नाचणीत असे तीन-चार लाख दाणे भरतात. दाणा इतका लहान की आतल्या पिठाच्या मानाने सालीचा हिस्सा आपोआपच जास्त. सगळ्यात वरचा पापुद्रा मळणीतच सुटून जातो. त्याखालची रंगीत साल मात्र आतल्या मऊ भागाला इतकी घट्ट चिकटलेली असते की ती काढायला गेलं की दाणाच फुटून पीठ होतो. तांदूळ सडता येतो, ज्वारी कांडता येते, नाचणीला सडायची सोय नाही. म्हणून ती पिढ्यान् पिढ्या सालीसकटच दळली गेली. गिरणीवाल्यांनी भाताला पांढराशुभ्र केलं, गव्हाचा मैदा केला, नाचणीपुढे मात्र त्यांचं काही चाललं नाही. (म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने ओलावा आणि वाफ देऊन दाणा आधी कडक करायची आणि मग साल काढायची पद्धत बसवली. तशी नाचणी भातासारखी शिजवता येते, पण सालीबरोबर कॅल्शियमही बरंच जातं.)

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचा जो तक्ता छापला, त्यात 100 ग्रॅम नाचणीत 364 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. गव्हाच्या पिठात 31, ज्वारीत 28, बाजरीत 27, पांढऱ्या तांदळात 7 ते 8. तृणधान्यांच्या पंगतीत नाचणीच्या जवळपाससुद्धा कोणी बसत नाही. एवढंसं गवत जमिनीतून इतकं कॅल्शियम ओढून दाण्यात का साठवतं, हा वनस्पतिशास्त्राचा वेगळा विषय आहे. आपल्यापुरतं एवढं की ते साठवतं, आणि त्यातला मोठा हिस्सा सालीत ठेवतं.

याच आकड्यावरून ‘नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम’ हे वाक्य फिरत असतं. गायीच्या 100 ग्रॅम दुधात 118 मिलिग्रॅम, म्हणजे हिशेब चुकीचा नाही, पण तो पाण्याची आणि पिठाची तुलना करतो. दुधात 85 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि कोरडं पीठ कोणी फक्क्या मारून खात नाही. त्यापेक्षा ताटातला हिशेब करू. एका मध्यम भाकरीला साधारण 60 ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे 218 मिलिग्रॅम कॅल्शियम, एक पेलाभर दुधाच्या थोडं खाली. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम हवं असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2020 ची शिफारस सांगते, आणि पाळी गेलेल्या बाईला 1200. दोन भाकऱ्यांत दिवसाची चाळीस टक्क्यांच्या वर बेगमी होते. तांदळाच्या दोन भाकऱ्यांत ती एक टक्काही होत नाही.

पण ताटात पडलं म्हणजे हाडात गेलं असं नाही. सालीत कॅल्शियम आहे तसं फायटिक आम्लही आहे आणि टॅनिनही. फायटिक आम्ल म्हणजे बियाणाची फॉस्फरसची तिजोरी, रोप उगवेल तेव्हासाठी राखून ठेवलेली. ते आपल्या आतड्यात कॅल्शियमला, लोहाला, जस्ताला धरून बसतं आणि त्यातला काही भाग तसाच बाहेर घेऊन जातं. टॅनिन म्हणजे तो विटकरी रंग आणि जिभेला लागणारा तुरटपणा. किडीबुरशीपासून दाण्याला वाचवायला ते उपयोगी, आपल्या लोहाच्या शोषणाला मात्र आडवं येतं.

मग नाचणी खाऊन उपयोग किती? या प्रश्नाला जुनं आणि सरळ उत्तर आहे. म्हैसूरच्याच शास्त्रज्ञांनी 1959 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. गरिबाघरच्या शाकाहारी जेवणातला तांदूळ थोडा किंवा सगळा काढून त्याजागी नाचणी दिली, आणि मुलांच्या शरीरात कॅल्शियम किती टिकतं ते मोजलं. नाचणीवर ते जास्त टिकलं. फायटिक आम्ल आपला वाटा घेतं हे खरं, पण मुळात रास मोठी असल्यामुळे उरतं तेही तांदळाहून जास्तच.

तो वाटा कमी करायची युक्ती आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. दाणा भिजवला, मोड आणला की रोप जागं होतं, तिजोरीची किल्ली काढतं: फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) फायटिक आम्ल तोडायला लागतं. आंबवण्यानेही हेच साधतं, म्हणून रात्री ताकात कालवून सकाळी शिजवलेली आंबील ही नुसती उन्हाळ्यातली थंडाई नाही. आंबटपणात विकर चांगलं चालतं, आणि ताकातलं कॅल्शियम वर पडतं ते निराळंच.

लोहाबद्दल मात्र जरा हात आखडता घ्यावा. ‘नाचणी खा, रक्त वाढेल’ हे मी लहानपणापासून ऐकत आले. तक्त्यात लोह 4.6 मिलिग्रॅम आहे, गव्हाहून थोडं जास्त, बाजरीच्या 6.4 हून कमी. त्यात टॅनिनचा अडसर. भाकरीबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर किंवा आवळ्याचं लोणचं असेल तर काहीतरी पदरात पडतं. भाकरीवर लगेच चहा घेतला तर चहाचं टॅनिन नाचणीच्या टॅनिनला सामील. ज्याचं हिमोग्लोबिन खरोखरच कमी आहे त्याने नुसत्या नाचणीवर विसंबू नये.

साखरेचंही असंच. मधुमेहाला नाचणी चांगली हे सरसकट विधान मला पटत नाही. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या आणि गव्हाच्या पिठाच्या कॅलरी जवळजवळ सारख्याच, 320 च्या आसपास. म्हणून ‘वजन उतरवणारं धान्य’ वगैरे काही नाही. नाचणीचा गुण तंतूंत आहे, 100 ग्रॅममध्ये 11 ग्रॅम, आणि सालीतल्या त्याच तुरट द्रव्यांत, जी स्टार्च पचवणाऱ्या विकरांचा वेग थोडा मंदावतात. पण हा गुण पीठ किती बारीक आहे आणि किती शिजवलं आहे यावर टांगलेला असतो. जाडसर पिठाची भाकरी चावून, भाजीबरोबर खाल्ली तर साखर सावकाश चढते. तेच पीठ वस्त्रगाळ करून, भरपूर पाण्यात शिजवून, गूळ घालून घटाघटा प्यायलं तर पोटाला करायला कामच उरत नाही. साखर तपासायच्या यंत्राला ती ‘नाचणी’ आहे हे कळत नाही. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून दुकानांत नाचणीच्या बिस्किटांची रांग लागली आहे. पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचावीत. पुष्कळदा आधी मैदा, मग साखर, मग तेल, आणि शेवटी कुठेतरी आपली नाचणी.

मग आजी चुकत होती का? नाही, आणि हे समजायला मला वेळ लागला. सत्त्व ती हाडांसाठी करतच नव्हती. ते मामीच्या सहा-सात महिन्यांच्या बाळासाठी होतं, आणि तापातून उठलेल्या माणसासाठी. बाळाचं पोट मुठीएवढं. साध्या पिठाची पेज शिजवली की स्टार्च फुगतो, पेज चिकटघट्ट होते. बाळाला गिळवेना म्हणून आई पाणी वाढवते, मग पेज पातळ होते पण पोटात जातं ते बहुतेक पाणीच. सत्त्व पचायला हलकं, पण हा पेच सुटतो तो मोड आणलेल्या नाचणीने. मोडात अमायलेज नावाचं विकर तयार झालेलं असतं, ते स्टार्चच्या लांब साखळ्या कातरतं. त्यामुळे जास्त पीठ घातलं तरी पेज पातळ राहते, म्हणजे प्रत्येक चमच्यात बाळाला जास्त अन्न.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक प्रयोग करा. साध्या नाचणीच्या पिठाची घट्ट पेज शिजवा, चमचा उभा राहील इतकी. गॅस बंद करून दहा मिनिटं थांबा, उकळती असेल तर विकर मरतं. मग मोड आणून वाळवून दळलेल्या, न भाजलेल्या पिठाचा एक चमचा घालून ढवळत राहा. पाच-सात मिनिटांत चमचा आडवा होतो, पेज पळीवरून सुटी पडायला लागते. पाण्याचा थेंब घातलेला नसतो. मी हे शाळेतल्या मुलांना दाखवते तेव्हा एक तरी जण मी चोरून पाणी घातलं असं म्हणतोच. बाळाला द्यायची असेल तर ती पुन्हा एकदा खळखळून उकळावी, कारण कच्च्या मोडाच्या पिठात जंतू असू शकतात. वर चमचाभर तूप आणि मुगाच्या डाळीचं पाणी नव्हे, डाळच घोटून.

चूक आपली होते ती इथे: बाळाचं सत्त्व आपण पासष्टीच्या आईला ‘हाडांना चांगलं’ म्हणून आणून देतो. पांढरंशुभ्र, गाळून निवळलेलं सत्त्व म्हणजे बहुतांशी स्टार्च. पचायला हलकं, यात शंका नाही. कॅल्शियमसाठी मात्र तिला भाकरी हवी, दात नसतील तर सालीसकटच्या पिठाची आंबील हवी, आणि थोडं ऊनही हवं, कारण ड जीवनसत्त्वाशिवाय आतडं कॅल्शियम नीट आत घेत नाही.

नाचणीत प्रथिनं कमी, 100 ग्रॅममध्ये 7 ग्रॅमच. पण तिच्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल चांगलं आहे, लायसिन कमी. कडधान्यांचं नेमकं उलटं. कोकणात भाकरी-कुळथाचं पिठलं ही जोडी कोणी प्रयोगशाळेत लावली नव्हती, पण एकाची उणीव दुसरं भरतं हे खरं. आणि जोडीला काही नसेल तर काय होतं, तेही आपल्याच राज्यात दिसतं. जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ भाग हा नागलीचा, म्हणजे नाचणीचाच, मुलूख. वारली लोक कणसरीला धान्याची देवी मानतात. तरी कुपोषणाच्या बातम्यांत तेच तालुके. नागली चांगली आहे म्हणून भागत नाही, ती वर्षभर पुरायला हवी आणि तिच्याबरोबर डाळ, तेल, भाजी पानात यायला हवी. वरकस जमिनीवर लावणीची नागली म्हणजे कंबरतोड काम आहे. पुढच्या वेळी ‘गरिबांचं सुपरफूड’ असं कोणी म्हणालं तर ते काम कोण करतं, हेही विचारावं.

घरात नाचणी नव्याने सुरू करणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली: भाकरी थापताना चिरते. नाचणीत ग्लूटेन नाही, त्यामुळे पिठाला ताण धरणारं काही नाही. ज्यांना गव्हाचं ग्लूटेन सोसत नाही त्यांच्यासाठी ही सोय, थापणाऱ्यासाठी गैरसोय. उपाय उकडीचा. पाणी खळखळलं की मीठ टाकून पीठ एकदम ओतायचं, झाकण ठेवून दोन मिनिटं सोडायचं, मग गरम असतानाच मळायचं. उकळत्या पाण्याने थोडा स्टार्च शिजून चिकट होतो आणि ग्लूटेनचं काम करतो. गव्हाची सवय असलेल्या घरात आधी चार वाट्या कणकेला एक वाटी नाचणी घालावी. पोटही हळूहळू तंतूंना सरावतं, एकदम सगळं बदललं तर गॅसने बेजार व्हाल. पीठ चाळलंत तर खडा-काडी निघेल एवढीच चाळण घ्या, मैद्याची नको.

सत्त्व मी अजूनही करते, बहिणीच्या नातवासाठी. रगडा गेला, मिक्सर आला, धोतराच्या जागी सुती ओढणी. कोंबड्या मात्र नाहीत, म्हणून चोथा थालीपिठात घालते. पहिल्या वेळी घरात कोणाला पत्ता लागला नाही. दुसऱ्या वेळी जरा जास्त पडला तर लेक म्हणाली, ‘आई, यात वाळू आहे का गं?’ आता तो रात्रभर ताकात भिजवून सकाळी पुन्हा एकदा मिक्सरमधून काढते. कांदा जरा सढळ हाताने घातला की कोणी काही विचारत नाही.