सायबर-भौतिक हल्ला

संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रणेत घुसून यंत्रे मोडणे, जाळणे किंवा धोकादायक रीतीने चालवणे याला सायबर-भौतिक हल्ला म्हणतात. माहितीची चोरी यात येत नाही.

कारखान्यातील मोटरी, पंप आणि झडपा पीएलसी हे छोटे नियंत्रक चालवतात. त्यांच्यावर देखरेख स्काडा प्रणालीतून होते. आज्ञा कोणी दिली, हे जुने पीएलसी सहसा पाहत नाहीत. १९७९ सालची मॉडबस ही संदेशपद्धत अजून वापरात आहे आणि तिच्या मूळ रूपात आज्ञा देणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नाही.

नुसत्या आज्ञांनी लोखंड मोडते का, हे अमेरिकेतील आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत २००७ साली मुद्दाम तपासले गेले. २.२५ मेगावॉटच्या डिझेल जनित्राचा सर्किट ब्रेकर (जनित्र वीजजाळ्याला जोडणारा-तोडणारा स्विच) उघडून, म्हणजे जोडणी तोडून, जनित्राची आणि वीजजाळ्याची कला (विजेच्या लहरींचा ताल) जुळत नसताना तो पुन्हा मिटवण्यात, म्हणजे जोडण्यात आला. अशा वेळी जाळे जनित्राला हिसका देऊन आपल्या तालात खेचते. असे काही हिसके बसताच जनित्र धूर सोडत निकामी झाले. ब्रेकर उघडणे-मिटणे ही रोजचीच क्रिया आहे. घात झाला तो वेळ चुकवल्यामुळे.

२०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने आज्ञांनी यंत्रे मोडण्याचे हेच काम इराणमधील नातांझ येथे केले. युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज या अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रांच्या मोटरींची वारंवारता १०६४ हर्ट्झवरून १४१० पर्यंत चढवली जाई, पुढे २ हर्ट्झपर्यंत उतरवली जाई. नियंत्रण कक्षाला मात्र आधी टिपून ठेवलेली नेहमीची मापे दिसत. सुमारे हजार यंत्रे बाद झाल्याचा अंदाज आहे. स्टक्सनेट यूएसबीवरूनही पसरत असे, म्हणून इंटरनेटपासून तोडलेले जाळे आपोआप सुरक्षित ठरत नाही. जर्मनीतील एका पोलाद कारखान्यात हल्ल्यामुळे झोत भट्टी नीट बंद करता आली नाही आणि मोठी हानी झाली, असे तेथील सरकारी अहवालात २०१४ साली नोंदले गेले.

हल्लेखोराला पासवर्ड मिळवण्यापेक्षा कारखान्यातील प्रक्रिया कळणे कठीण असते. कोणती झडप कधी उघडली तर काय फुटेल, हे ठाऊक असावे लागते. ऑस्ट्रेलियातील मरूची येथे २००० साली रेडिओवरून पंप बिघडवून सुमारे ८ लाख लिटर सांडपाणी बाहेर सोडणारा माणूस ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतच पूर्वी कामाला होता.

संगणकाचे न ऐकणारी साधने म्हणूनच मोलाची. दाब वाढला की स्प्रिंगची सुरक्षा झडप स्वतःच उघडते. डिसेंबर २०१५ मध्ये सायबर हल्ल्यामुळे युक्रेनमधील सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर मिटवले आणि काही तासांत ती परत आणली. हाताने चालवण्याची अशी सोय खर्च वाचवायला काढून टाकणे घातक आहे.

सर्वांत चिंताजनक प्रकार २०१७ साली सौदी अरेबियातील पेट्रोकेमिकल प्रकल्पात घडला. ट्रायटन या प्रोग्रॅमचा रोख उत्पादनावर नव्हता, अपघात टाळण्यासाठी बसवलेल्या सुरक्षा नियंत्रकांवरच होता. त्या नियंत्रकांना आपल्यातील बिघाड जाणवला, त्यांनी प्रकल्प थांबवला आणि त्यातूनच हल्ल्याचा माग लागला.